जेवण झाल्यावर या

पांदेलिस गुर्गियोटिसचं इंग्रजीशी काही वैर नव्हतं. चोपन्न वर्षं ती तिच्या जागी आणि हा आपल्या जागी, असे दोघं सुखात होते. वैर होतं ते साडूशी. इंग्रजी मध्ये आली ती बटाट्यांमुळे.

दर रविवारी सासऱ्यांकडे जेवण असे. अनेस्टिसबाबा त्र्याऐंशी वर्षांचे, विधुर. पण वाढायचं काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. कोकराचं मांस आणि लिंबू पिळून भाजलेले बटाटे असा तो रविवारचा तवा. त्यातले कडेचे बटाटे म्हणजे कुरकुरीत, तांबूस, राजेशाही. मधले म्हणजे भिजलेले, गुळमुळीत, आजाऱ्याला द्यावेत असे. पांदेलिस बोलत नसे, पण मोजत असे. ऑक्टोबरपासून नाताळपर्यंत कडेचे एकवीस बटाटे साडूच्या, थ्रासोसच्या, ताटात पडले होते आणि त्याच्या ताटात दोन. त्यातला एक सासऱ्यांच्या हातून घसरून आला होता, म्हणजे तो धरायचा की नाही हा प्रश्नच होता.

याला कारण मेलबर्नचा फोन. बाबांच्या भावाची नात रीना तिकडेच जन्मलेली. ग्रीक तिला तीनच शब्द येत, त्यातला एक शिवी होता. रविवारी जेवणं चालू असताना तिचा फोन यायचा आणि बाबा लगेच म्हणायचे, "थ्रासोस, घे बाबा. तूच घे." थ्रासोसचं फरश्या आणि नळांचं दुकान. गल्ल्याच्या मागे, संत निकोलसच्या तसबिरीखाली, त्याचं इंग्रजीचं प्रमाणपत्र चौकटीत टांगलेलं. तो फोन घ्यायचा, छाती पुढे काढायचा आणि म्हणायचा, "येस, येस. ऑफ कोर्स. व्हेरी गुड." फोन ठेवून सगळ्यांकडे बघायचा, एखादं जहाज धक्क्याला लावून आल्यासारखा. "मजेत आहेत," एवढं सांगायचा. की बटाटा.

तशी ही चुरस जुनी होती. सासऱ्यांनी वोलोस शहरात चार मजली इमारत बांधून दोन्ही मुलींना हुंड्यात एकेक फ्लॅट दिला. पांदेलिसचं लग्न आधी झालं, म्हणून निवडही त्याचीच आधी. त्याने दूरदृष्टीने दुसरा मजला मागितला; लिफ्ट बंद पडली तर? थ्रासोस नंतर आला आणि उरलेला चौथा मजला त्याच्या पदरात पडला. चौथ्या मजल्यावरून समुद्र दिसतो. दुसऱ्यावरून समोरच्या बाईंचे वाळत घातलेले लेंगे दिसतात. आणि तेवीस वर्षांत ती लिफ्ट एकदाही बंद पडली नाही, हे पांदेलिसचं खरं दुःख.

जानेवारीत रीनाच्या वडिलांचा ग्रीकमधून फोन आला की रीनाचा मुलगा आता तीन महिन्यांचा झालाय. जूनमध्ये ती नवरा डग याला घेऊन येणार आणि बाळाचा बाप्तिस्मा पणजोबांच्या डोंगरातल्या गावी, तिथल्याच चर्चमध्ये करणार. धर्मपिताही इथलाच हवा, घरातला. आता धर्मपिता म्हणजे काही फोटोपुरतं उभं राहणं नव्हे. तो सगळ्यांसमोर बाळ हातात घेतो, तेल लावतो, आणि त्या दिवसापासून जन्मभर त्या घरात त्याची खुर्ची ठरलेली. बाबा सोडले तर घरात पुरुष दोनच, दोन्ही जावई.

बाबांनी काटा टेबलावर ठेवला आणि निकाल दिला. "मुलाच्या आईबापाशी जो नीट बोलेल, तो धर्मपिता."

सगळे थ्रासोसकडे बघायला लागले. थ्रासोस नम्रपणे ताटाकडे बघायला लागला. असा नम्रपणा पांदेलिसने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

"मीपण शिकतोय इंग्रजी," पांदेलिस म्हणाला.

"कधीपासून?" एवांथियाने विचारलं. ती त्याची बायको. तिला तरी ठाऊक असायला हवं होतं.

"मंगळवारपासून."

त्या दिवशी रविवार होता.

बातमी गल्लीत फुटली आणि सल्ले सुरू झाले. बेकरीवाली म्हणाली, पिक्चर बघत जा, खालची अक्षरं कागदाने झाकून. पानपट्टीवजा टपरीवाल्याने सांगितलं की पुस्तक उशाखाली ठेवून झोपलं की रात्रीतून मुरतं. त्याच्या चुलतभावाने जर्मन असंच मुरवलं होतं, फक्त मान अवघडली. न्हाव्याने वस्तरा गळ्यावर ठेवून समजावलं, "सोपं आहे पांदेली. तोंडात गरम बटाटा आहे असं समजायचं आणि ग्रीक बोलायचं." पुन्हा बटाटा! पांदेलिसने डोळे मिटून घेतले.

ओलिंपियाबाईंच्या क्लासात मोठ्या माणसांची तुकडी मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी भरे. मोठी माणसं म्हणजे एकूण दोन. पांदेलिस, आणि त्याच्याच इमारतीत तळमजल्यावर भाड्याने राहणारा स्टामाटिस, ज्याला सगळे बार्बा म्हणजे काका म्हणत. हा म्हातारा तीस वर्षं जहाजांवर खानसामा होता. जगभर इंग्रजी बोलून आला होता आणि आता निवृत्तीनंतर त्याला समजून घ्यायचं होतं की आपण इतकी वर्षं नेमकं काय बोललो.

मार्चअखेर सातवा धडा आला. काळ जोडणारे शब्द: व्हेन, व्हाइल, बिफोर, आफ्टर, अन्टिल, ॲज सून ॲज.

"घड्याळ विसरा!" बाईंनी फळ्यावर खडू आपटला. "वेळ घड्याळाशिवायही सांगता येते. काय आधी झालं, काय नंतर, काय चालू असताना काय झालं, एवढं कळलं की माणसाला सगळं कळलं."

पांदेलिसच्या अंगावर काटा आला. आपलं सगळं आयुष्य म्हणजे हाच धडा! आधी कोण, नंतर कोण, आणि नंतरच्याला समुद्र का? त्या आठवड्यात त्याने चाळीस वाक्यं लिहून आणली. बाई चष्मा सावरून वाचायला लागल्या. "थ्रासोस या घरात येण्याबिफोर मी सुखी होतो. थ्रासोस नवी गाडी घेतो व्हेन, मी माझी जुनी धुतो. थ्रासोस हसतो व्हाइल, मी मोजतो." बाईंनी वही खाली ठेवली. "व्याकरण ठीक आहे. पण हा थ्रासोस कोण?"

"साडू."

"अस्सं. आणि ॲज सून ॲजचं वाक्य?"

"ॲज सून ॲज थ्रासोस जिन्यावरून—"

"पुरे. बार्बा स्टामाटिस, तुम्ही वाचा."

बार्बा उभा राहिला आणि बोटांवर मोजत बोलला, "शिप. मेलबर्न. इलेव्हन टाइम. पोटॅटो, पील. कॅप्टन, ईट. कॅप्टन, हॅपी."

"अहो, पण यात जोडणारा शब्द कुठाय? कॅप्टनने आधी खाल्लं की तुम्ही आधी सोललंत, ऐकणाऱ्याने काय समजायचं?"

"बाई," बार्बा चकित होऊन म्हणाला, "बटाटा सोलल्याशिवाय कॅप्टन खाईल कसा?"

बाईंनी त्याला दहापैकी दोन गुण दिले. पांदेलिसला नऊ. पांदेलिसला म्हाताऱ्याची मनापासून कीव आली. ज्याचा हेवा वाटत नाही असा माणूस भेटणं ही केवढी विश्रांती असते, हे हेवेखोरालाच ठाऊक.

त्या वर्षी इमारतीची व्यवस्थापकी पांदेलिसकडे होती, आणि मिळालेल्या विद्येला वाव हवा होता. दुपारी तीन ते साडेपाच शांततेची वेळ. ती पाटी खाली दारापाशी होतीच. त्याने तिच्याशेजारी इंग्रजी पाटी लावली, पाहुण्यांच्या सोयीसाठी म्हणून. "लोक झोपले असताना कुणीही आवाज करू नये. साडेपाच वाजण्याआधी कुठल्याही मुलाने रडू नये. मूल रडू लागताच आईबापांनी लाज बाळगावी. गुन्हेगार सापडेपर्यंत व्यवस्थापक विश्रांती घेणार नाही." सहा जोडशब्दांपैकी चार एका पाटीत! शिवाय दोन्ही पाट्यांच्या पंधरा-पंधरा जादा प्रती काढल्या, नियम मोडणाऱ्यांच्या दाराखालून सरकवायला.

थ्रासोस लिफ्टपाशी थांबून पाटी वाचत होता. "गुन्हेगार जरा जड नाही का होत, साडू?"

"तुला दुसरा शब्द सुचत असेल तर सांग."

थ्रासोसला सुचला नाही. तो आठवडा पांदेलिसचा फार छान गेला.

मग जून आला. पाहुणे शुक्रवारी सकाळी अथेन्सहून बसने येणार, बंदरावरच्या हॉटेलात उतरणार. त्यांना घरी कधी यायचं ते कळवायला हवं होतं. "थ्रासोस फोन करेल," बाबा म्हणाले.

"मी लिहितो," पांदेलिस म्हणाला. "हॉटेलात पत्र ठेवू. लेखी असलेलं बरं."

ते पत्र लिहायला त्याला तीन संध्याकाळी लागल्या. "प्रिय रीना, हॉटेलात पोचताच आधी विश्रांती घ्या. विश्रांती झाली की जेवा. जेवण झाल्यावर या. तुम्ही येईपर्यंत आम्ही वाट पाहू, आणि सूर्य मावळण्याआधी सगळे मिळून बाल्कनीत कॉफी पिऊ." ओलिंपियाबाईंनी लाल पेन हातात घेऊन ते दोनदा वाचलं आणि पेनला टोपण लावलं. बावीस वर्षांच्या नोकरीत हे दुसऱ्यांदा घडत होतं. "एकही चूक नाही," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

पांदेलिसने रविवारी पत्र सहज विसरल्यासारखं टेबलावर ठेवलं. थ्रासोसने ते उचललं. दहा मिनिटं तो त्यात चूक शोधत होता. शेवटी त्याने पावाचा तुकडा मोडला आणि तो खायचा विसरला. त्या दिवशी तव्याच्या कडेचा एक बटाटा, कुठेही न घसरता, सरळ पांदेलिसच्या ताटात आला. पत्रात वेळ लिहिलेली नाही हे एकाच्याही लक्षात आलं नाही. येणार कसं? जेवण तीनला असतं, मग झोप, मग सहाला कॉफी. हे का लिहायचं असतं? सूर्य पूर्वेला उगवतो हेही त्याने लिहिलं नव्हतं.

शुक्रवारी पांदेलिस पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरीवर होता, थ्रासोस दुकानात. एवांथिया आणि तिची धाकटी बहीण पोलिक्सेनी, थ्रासोसची बायको, बाबांना घेऊन डोंगरावर पाद्रीबाबांकडे गेल्या होत्या. तिथे निराळंच नाटक. बाळाच्या कागदांवर मेलबर्नचे तीन शिक्के होते. हवा होता तो चौथा. बाबांनी आवाज चढवला, पोलिक्सेनीने डोळ्यांतून पाणी काढलं, तेव्हा चौथ्या शिक्क्याचं नंतर बघू असं ठरलं. पण शनिवारी आणखी तीन बाप्तिस्मे होते आणि उरली होती फक्त साडेचारची वेळ, जी कुणालाच नको होती. पाद्रीबाबांनाही नको होती. त्यांच्या झोपेची होती ती.

सगळे तीनच्या सुमारास घरी आले, भराभरा जेवले. पांदेलिसने बजावलं, "आता झोपा. सहाला ताजेतवाने दिसलं पाहिजे."

सव्वाचारला खालून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. रडणं कसलं, बोंब! पांदेलिस उठून बसला. माझ्या कारकिर्दीत? आणि तेही आज? "अगं एवांथिया, हे कुणाचं कार्टं?"

"असेल कुणाचं तरी. झोप."

"झोप काय? पाहुणे यायच्या आधी हा तमाशा?"

तो पाटीच्या प्रती उचलून पट्ट्यांच्या पायजम्यातच दोन जिने उतरला. आवाज बार्बा स्टामाटिसच्या दाराआडून येत होता. म्हाताऱ्याकडे कुणी नातेवाईक आलेले दिसत होते. पांदेलिसने दारावर दोन बुक्के हाणले आणि ओरडला, "ते पोर गप्प करा आधी! लाज वाटते का?" मग आतून पावलं वाजली तशी त्याला पायजम्याची आठवण झाली. व्यवस्थापकाने पायजम्यात दिसू नये. त्याने पाटीची एक प्रत दाराखालून सरकवली आणि धूम वर पळाला. घाईत इंग्रजी प्रत गेली हे त्याला जिन्यात कळलं. पण म्हटलं ठीक आहे, म्हातारा विद्यार्थीच आहे, सराव होईल.

सहाला बाल्कनीत टेबल लागलं. चेरीचा मुरांबा छोट्या बशांतून, शेजारी गार पाण्याचे पेले. पांदेलिसने कोट चढवला होता. थ्रासोसनेही चढवला होता, आणि तो नवा होता. साडेसहा झाले, सात झाले. सूर्य मावळला, निदान चौथ्या मजल्यावरून तरी तसं दिसत असावं. समोरच्या बाईंनी लेंगे काढून नेले. खालच्या अंगणातून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते आणि सूपचा वास येत होता.

"तुझ्या पत्रात काहीतरी गडबड असणार," थ्रासोस गोड आवाजात म्हणाला.

"एकही चूक नाही त्यात. बाईंनी टोपण लावलंय!"

"हॉटेलवाले सांगतायत, ते बाराला जेवून बाहेर पडले," पोलिक्सेनी फोन ठेवत म्हणाली.

"बाराला?" बाबा म्हणाले. "बाराला कोण जेवतं? आजारी आहेत का?"

सव्वाआठला एवांथिया कचरा टाकायला खाली गेली आणि जिन्यातूनच ओरडली, "पांदेली! अरे खाली ये! सगळे खाली या!"

बार्बा स्टामाटिसच्या अंगणात, द्राक्षवेलीखाली, रीना अनवाणी बसली होती. डग ब्रेडने सूपची वाटी पुसत होता. आणि बाळ म्हाताऱ्याच्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून, गाढ झोपलं होतं. ते एक वाजता आले होते. घंटी वाजवून वाजवून कंटाळले तेव्हा तळमजल्याचं दार उघडलं आणि बार्बा त्यांना बोटांवर मोजून म्हणाला, "अप? नो. वर्क. थ्री, ईट. आफ्टर, स्लीप. सिक्स, गुड. नाऊ, यू, सूप." विमानात बसल्यापासून बाळाने काही खाल्लं नव्हतं. मध्येच त्याने एकदा घर डोक्यावर घेतलं, मग बार्बाच्या लिंबू घातलेल्या कोंबडीच्या सूपचे नऊ चमचे खाल्ले. रीना ते बघून रडली म्हणे.

"मग सहाला वर का नाही आणलंस?" बाबांनी विचारलं.

"आणत होतो," बार्बा म्हणाला. "तेच येईनात. घाबरलेत."

"कुणाला?"

डगने खिशातून घडी घातलेला कागद काढला, उलगडला आणि सगळ्यांवरून नजर फिरवत अदबीने विचारलं, "मॅनेजर?"

थ्रासोसने पांदेलिसकडे बोट दाखवलं. इतक्या चपळाईने त्याने आयुष्यात गिऱ्हाईकालाही काही दाखवलं नसेल. पांदेलिसने तोंड उघडलं. चाळीस वाक्यं होती आत, सहाही जोडशब्द होते. बाहेर एकच आला.

"आफ्टर," तो म्हणाला.

निकाल बाबांनी तिथेच दिला. "मी काय म्हणालो होतो? जो आईबापाशी नीट बोलेल तो. हा सात तास बोलला."

"बाबा!" थ्रासोस उसळला. "बोलला काय तो? ईट, स्लीप, सूप?"

"आणि तू? स्टामाटिसने आता सगळं विचारून सांगितलं मला. हिवाळ्यात डगचा पाय मोडला, तेव्हा फोनवर 'व्हेरी गुड' कोण म्हणालं होतं?"

थ्रासोस नव्या कोटाची गुंडी चाचपू लागला. एरवी हे ऐकून पांदेलिसला आठवडाभर जेवण गोड लागलं असतं. पण त्याचं लक्ष बाळाच्या हाताकडे होतं. त्या हाताने म्हाताऱ्याच्या बनियनची पट्टी घट्ट धरून ठेवली होती. तीस वर्षं जहाजावर काढलेला, दहापैकी दोन गुणांचा माणूस, ना व्हेन ना अन्टिल, आणि त्याची पट्टी धरलेली! हेवा वाटला त्याला. थ्रासोसच्या समुद्राचाही इतका वाटला नव्हता.

"काय रे," थ्रासोस हळूच त्याच्या कानाशी म्हणाला, "तसं सूप काही फार अवघड नसतं."

"कोंबडी आणि लिंबू," पांदेलिस म्हणाला. "त्यात काय?"

तेवीस वर्षांत दोन साडूंचं पहिल्यांदा एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी साडेचारला गावातल्या चर्चमध्ये पाद्रीबाबा जांभया देत उभे होते. बार्बा स्टामाटिस पुढे, इस्त्रीच्या सदऱ्यात, बाळ हातावर घेऊन. दोघं साडू मागे खांबापाशी, मेणबत्ती धरण्याचं सांत्वनपर काम घेऊन. बार्बाने तेल लावलं, पाद्रीबाबांनी बाळाला पाण्यात बुडवून वर काढलं, आणि बाळाने असा टाहो फोडला की मेणबत्त्या हलल्या.

डगने पहिल्या रांगेतून मान मागे वळवली. चेहरा गंभीर, हातात घड्याळ. "मॅनेजर," तो इंग्रजीत म्हणाला, "साडेपाच वाजेपर्यंत अजून एक तास आहे. आम्ही लाज बाळगायला आत्ताच सुरुवात करू, की त्याचं रडणं थांबल्यावर?"

लांबलचक वाक्य होतं, भरभर म्हटलेलं. पण पांदेलिसला ते अख्खं कळलं. मनातल्या मनात भाषांतर न करता, लिहून न घेता, पाण्यात साखर विरघळावी तसं. कान तापले, मानेपर्यंत लाल झाला तो. थट्टा त्याचीच होती. पण हसू आवरेना. तो फिसकन हसला आणि डगही हसला. पुढे रीनाचे खांदे हलायला लागले.

शेजारी थ्रासोस आपला या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता. मग सवयीने म्हणाला, "येस, येस. ऑफ कोर्स." आणि सगळे जास्तच हसले तेव्हा त्याने पांदेलिसची बाही ओढली. चौथ्या मजल्यावरच्या माणसाच्या डोळ्यांत पांदेलिसने ती गोष्ट पहिल्यांदाच पाहिली. आपल्या आरशात मात्र तो ती रोज बघत आला होता.

"काय म्हणाला रे तो?" थ्रासोसने विचारलं. "साडू? सांग ना, काय म्हणाला?"

पांदेलिसने मेणबत्ती सरळ केली आणि पुढे बघितलं.

"सांगतो," तो म्हणाला. "जेवण झाल्यावर."